श्वासापुरती जागा

जुलैचा भुरभुर पाऊस. आयर्लंडच्या क्लेअर परगण्यात, मिलटाउन मालबे गावी, पाइपवादक विली क्लॅन्सी यांच्या नावाने १९७३पासून भरणाऱ्या उन्हाळी शाळेत मी टिन व्हिसल शिकते आहे. सहा भोकांची साधी नळी.

आज ‘केश’ ही जिग, म्हणजे नाचाची चाल, घेतली. सहा मात्रा, तीन-तीनचे दोन गट. कान लगेच दादरा शोधू लागला. पण इथलं वजन वेगळं. पहिला सूर किंचित लांबतो, मधला आखडतो आणि पाय आपसूक हलू लागतो.

सूर बोटांना सापडले, श्वास सापडेना. जिगमध्ये थांबायला जागाच नसते. बाई म्हणाल्या, “एक सूर सोड, तिथे श्वास घे.” कुठला, ते सांगितलं नाही. दर फेरीत वेगळा, एवढंच.

संध्याकाळपासून खोलीत तो सूर शोधते आहे. एखादा गाळला की चाल लंगडते. दुसरा गाळला तर पुढचा सूर उजळून निघतो. बाबा गेले त्या आठवड्यातही मी एकही काम सोडलं नव्हतं. ते आत्ता का आठवावं?

खाली पबमध्ये वादकांचं सेशन सुरू झालं आहे. हातातली नळी अजून श्वासाने उबदार आहे.