पुलाआधी चालणाऱ्याला विचारा

चांदूर बाजार तालुक्यातील माणसाला पुराचे पाणी नवे नाही. वर सातपुड्यात पाऊस झाला की इथे ऊन असतानाही पूर्णा फुगते, नाले तुंबतात आणि रपटा पाण्याखाली जातो. संत्र्याच्या बागेत, कपाशीत कामाला जाणाऱ्या आमच्या लोकांची त्या दिवशीची मजुरी बुडते. मुलींची शाळा बुडते. आजारी माणूस अलीकडेच राहतो.

म्हणून आमच्या वस्तीजवळ पायी व सायकलने जाण्यासाठी पूल होणार असे कानावर आले, तेव्हा सर्वांना आनंद झाला. काही दिवसांनी मोजमाप करणारे आले. फीत धरली, चुन्याच्या खुणा केल्या आणि निघून गेले. काठावर कपडे धुणाऱ्या बायांना एका शब्दाने कोणी विचारले नाही. पाणी कोणत्या निंबाच्या बुंध्यापर्यंत चढते हे त्या बायांना ठाऊक आहे. खूण केली तिथून वस्ती लांब पडते, म्हणजे पूल झाला तरी लोक जुन्याच रपट्याने जाणार! पुलाला पायऱ्या केल्या तर चाऱ्याचा भारा बांधलेली सायकल वर कशी न्यायची? उतार पाहिजे, आणि म्हाताऱ्या माणसाला धरायला कठडा पाहिजे. यासाठी इंजिनिअर व्हावे लागत नाही, रोज चालावे लागते.

चालणाऱ्याचे न ऐकल्याने काय होते ते मुंबईने पाहिले आहे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाणाऱ्या आपल्या बंधू-भगिनींना दादरच्या पुलावरची रेटारेटी माहीत आहे. त्याच्या पुढच्याच एल्फिन्स्टन रोड स्टेशनवर (आताचे प्रभादेवी) २९ सप्टेंबर २०१७ रोजी अरुंद जिन्यात चेंगरून २३ माणसे मेली. प्रवासी मोठा पूल आधीपासून मागत होते. तो फेब्रुवारी २०१८ मध्ये लष्कराने बांधून दिला. म्हणजे मनात आणले तर पाच महिन्यांत पूल होतो. पुढे १५ जून २०२५ रोजी पुणे जिल्ह्यात कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळून ४ जणांचा जीव गेला.

आपल्याला बोलण्याचा हक्क नाही असे नाही. शहराचा विकास आराखडा झाला की १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम २६ प्रमाणे तो लोकांसमोर ठेवावा लागतो आणि ३० दिवसांत कोणालाही लेखी हरकत वा सूचना देता येते. खेड्यात ग्रामसभा आहे, तिच्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. पण नोटीस लागते कचेरीच्या फळ्यावर आणि सभा भरते दुपारी, आमची माणसे वावरात असताना. मग कागदावर लिहिले जाते की कोणाची हरकत आली नाही. (हजेरीच्या सह्या मात्र भरपूर असतात, त्या कशा होतात देव जाणे असे आम्ही म्हणणार नाही.)

या वेळी वस्तीतल्या शिकलेल्या मुलींनी अर्ज लिहिला. निंबापर्यंतचे पाणी, पायऱ्यांऐवजी उतार, कठडा, रात्रीचा दिवा, सर्व घातले. अंगठे आणि सह्या मिळून दोन पाने भरली. एक प्रत पोच म्हणून शिक्का मारून घेतली. बाया कामावरून सहाला परततात, तेव्हा सभा सातला आणि वस्तीतच ठेवा, ही मागणी अर्जात सर्वांत वर आहे.