गाडी आमची, मग प्रवेश फी कुणाची?

तुमच्या घरी आजोबांची गाडी, वडिलांची बुलेट किंवा सासऱ्यांची स्कूटर अजून चालू स्थितीत असेल, तर कधी ना कधी कुणीतरी तुम्हाला म्हणालं असेल, "अहो, ही प्रदर्शनात न्या ना!" तुम्ही हौसेनं फॉर्म मागवता आणि त्यात एक रकाना दिसतो: प्रवेश फी. बघायला येणाऱ्याची नव्हे, गाडी घेऊन येणाऱ्याची. मग घरात वाद सुरू होतो. गाडी आमची, इतकी वर्षं सांभाळली आम्ही, पेट्रोल आमचं, रविवारही आमचाच. आणि ती दाखवायचे पैसेसुद्धा आम्हीच भरायचे?

आमच्या चेन्नईच्या घरात हा वाद गेली काही वर्षं डिसेंबर-जानेवारीत ठरलेला असतो. इथे जुन्या गाड्यांची प्रदर्शनं आणि फेऱ्या बहुधा याच दिवसांत होतात, कारण बाकीचे महिने ना माणसाला ऊन सोसत, ना जुन्या रेडिएटरला. घरचा हिशेब मी ठेवते, त्यामुळे वादाचा निकालही शेवटी माझ्याच वहीत लागतो. म्हणून या फीबद्दल मला जे वाटतं, ते तुमच्यापुढे मांडते. पटलं नाही तरी चालेल, पण फॉर्म भरण्यापूर्वी एकदा वाचा.

आधी गाडीची ओळख करून देते. आमची गाडी म्हणजे १९६९ सालची स्टँडर्ड हेराल्ड. इंग्लंडमध्ये हीच गाडी ट्रायम्फ हेराल्ड या नावानं १९५९ मध्ये आली. तिचं रूप जोव्हान्नी मिकेलॉत्ती या इटालियन कलाकारानं रेखाटलेलं. आपल्याकडे मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीनं १९६१ पासून ती वंडलूरजवळच्या कारखान्यात बनवली. म्हणजे आमची हेराल्ड या शहराची माहेरवाशीण आहे. इंजिन ९४८ सीसीचं, आणि बॉनेट असं की मडगार्डांसकट अख्खा पुढचा भाग पुढे कलतो. मुलांना तेच बघायचं असतं. कंपनी केव्हाच बंद झाली, गाडी राहिली.

माझे सासरे, आम्ही त्यांना नाना म्हणतो, पंढरपूर तालुक्यातून पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत नोकरीला आले. रेल्वेचे डबे बनवणारा हा कारखाना १९५५ मध्ये सुरू झाला आणि देशभरातली माणसं तिथे जमा झाली. १९७६ मध्ये नानांनी ही गाडी जुनीच विकत घेतली. आमच्या यजमानांना शाळेत पहिल्या दिवशी याच गाडीनं सोडलं, आणि मी सून म्हणून सेंट्रल स्टेशनवरून घरी आले तीही याच गाडीतून. नाना आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. स्वतः चालवत नाहीत, पण शेजारी बसून प्रत्येक गिअरचा आवाज ऐकतात.

अशी गाडी ठेवायला काय पडतं, हे ज्यांनी ठेवली आहे त्यांनाच ठाऊक. समुद्राचा वारा क्रोमला सोडत नाही. पुदुपेटच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात अर्धा दिवस घालवावा तेव्हा कुठे एखादा दिवा जुळतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढल्यापासून जुने रबरी पाइप नरम पडतात, ते बदलावे लागतात. माझ्या वहीत 'हेराल्ड' नावाचं वेगळं पानच आहे, दूध आणि किराणा यांच्या मधोमध.

त्यात सरकारी फी वेगळी. पंधरा वर्षांपुढच्या कारची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते. त्याची फी पूर्वी ६०० रुपये होती, एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली, आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२५ मध्ये १०,००० झाली. दुसरा मार्ग आहे व्हिंटेज नोंदणीचा. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये त्याचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी असेल तर २०,००० रुपये भरून दहा वर्षांची नोंदणी मिळते, पुढचं नूतनीकरण ५,००० रुपयांत. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात.

पण या नोंदणीला एक अट आहे, आणि आपल्या विषयाशी तिचा थेट संबंध आहे. अशी गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज फेरी, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्याचसाठी ती रस्त्यावर आणायची. म्हणजे ज्या गाडीला ही पाटी लागली, तिच्यासाठी प्रदर्शन ही निव्वळ हौस उरत नाही. वर्षातून चार वेळा घराबाहेर पडायचं ते तेवढंच निमित्त. त्या मैदानाच्या फाटकावर किती पैसे मागितले जातात, याला मग वजन येतं.

आता वाद. सासूबाईंचं म्हणणं एका वाक्याचं आहे. "हळदीकुंकवाला बोलवायचं आणि वाणाचे पैसेही येणाऱ्या सवाष्णीकडूनच घ्यायचे, ही कुठली रीत?" नानांचाही तोच सूर. लोक येतात ते गाड्या बघायला. गाड्याच नसतील तर मैदानात काय उरेल, तंबू आणि चहावाला! शिवाय वडपळनीला एव्हीएम स्टुडिओच्या आवारात २०२३ मध्ये जुन्या गाड्यांचं म्युझियम उघडलं, तिथे बघणारा तिकीट काढून आत जातो. गाडी बघायचे पैसे बघणाऱ्यानं द्यावेत, हे कुणालाही पटेल असंच आहे.

यजमानांची बाजू वेगळी. ते दोन-तीनदा आयोजकांच्या मदतीला गेले आहेत, त्यामुळे त्यांना आतला खर्च माहीत आहे. मैदानाचं भाडं, पोलिसांची परवानगी, रस्त्यावर फेरी असेल तर वाहतुकीची व्यवस्था, विमा, पाणी, फिरती स्वच्छतागृहं, अग्निशमनाची सोय, बंद पडलेली गाडी उचलायला टोइंगची गाडी, शंभर माणसांची न्याहारी, शिवाय प्रत्येकाला आठवण म्हणून एखादी फलकपाटी. मद्रास हेरिटेज मोटरिंग क्लबसारख्या संस्था या शहरात जुन्या गाड्यांची हौस जोपासत आल्या आहेत. असं काम करणारी माणसं आपापला व्यवसाय सांभाळून हे करतात. प्रायोजक मिळाला तर ठीक, नाहीतर हे पैसे येणार कुठून?

आणि बाहेर तरी काय वेगळं आहे? लंडन ते ब्रायटन ही जुन्या गाड्यांची फेरी जगात नावाजलेली. १८९६ मध्ये इंग्लंडात मोटारींवरची जाचक वेगमर्यादा सैल झाली, तेव्हा आनंदानं काही मंडळी गाड्या घेऊन ब्रायटनला निघाली. १९२७ पासून त्याची आठवण म्हणून फेरी निघते. १९०५ च्या आधी बनलेल्या गाड्याच तिच्यात चालतात. तिथे गाडीवाला प्रवेश फी भरतो, आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून बघणाऱ्याला काहीच द्यावं लागत नाही. सासूबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "त्यांच्याकडे वाण लुटतच नाहीत, त्यांना काय कळणार!"

मला मात्र याचं उत्तर सापडलं ते पंढरपूरच्या वाटेवर. नानांची आई दरवर्षी दिंडीबरोबर वारीला जायची. तुमच्यापैकी कुणाच्या घरी वारी असेल तर ठाऊक असेल, दिंडीत चालणारे वारकरी भिशी भरतात. वाटेतलं जेवण, सामान वाहणारा ट्रक, तंबू, यांचा खर्च त्यातून चालतो. आता बघा, वारी म्हणजे वारकरीच. तोच चालतो, तोच गातो, त्यालाच बघायला गावं रस्त्यावर येतात. तरी पैसे तोच भरतो, आणि भरताना त्याला कधी अपमान वाटत नाही. का? नानांनीच सांगितलं. पैसे कशाला लागतात ते त्याला दिसतं. संध्याकाळी त्याच पैशाची भाकरी त्याच्या ताटात येते. दुसरं, भिशी भरायची ऐपत नाही म्हणून कुणी मागे राहू नये, हे दिंडीतली मंडळी बघतात. ज्याच्याकडे जास्त आहे तो कुणाला न सांगता दुसऱ्याचे भरतो.

माझ्या मते प्रवेश फीची कसोटी हीच असावी. ती भिशीसारखी असेल तर आनंदानं भरावी. हिशेब दिसत नसेल आणि गरिबाला दारातच अडवत असेल, तर रक्कम कितीही लहान असो, ती मोठीच.

हे मी हवेत बोलत नाही. आमचे मेकॅनिक पेरांबूरचेच आहेत. हेराल्डचा कार्ब्युरेटर डोळे मिटून लावतात. अशा आणखी चार-पाच घरांच्या गाड्या त्यांच्या हातावर चालतात. त्यांच्या स्वतःकडे १९६७ ची जावा आहे, म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात बनलेली, वडिलांची. टाकीवरचा रंगसुद्धा त्यांनी मूळचाच ठेवलाय. दोन वर्षांपूर्वी एका प्रदर्शनाला मोटारीला आणि मोटरसायकलला एकच फी होती, दीड हजार रुपये. गॅरेज भाड्याचं, मुलगी कॉलेजात; त्यांनी फॉर्म भरलाच नाही. त्या दिवशी ते मैदानावर आले होते, पण दुसऱ्यांच्या गाड्या सुरू करून द्यायला. तीन गाड्यांचे प्लग त्यांनी साफ केले. त्यातल्या एकीला बक्षीस मिळालं. मी विचारलं, "अण्णा, जावा कुठे?" ते हसून म्हणाले, "घरी झाकून ठेवलीय अक्का. ती काय, पुढच्या वर्षी."

त्या प्रदर्शनात चकचकीत गाड्या पुष्कळ होत्या, पण वडिलांच्या हातची, एका दिवसासाठीही न विकलेली, रोज पुसलेली ती जावा नव्हती. अशा गाड्या गळत गेल्या की मैदानात फक्त पैसेवाल्यांचे छंद उरतात. आणि आपली मुलं घरी येऊन सांगतात, जुनी गाडी श्रीमंतांकडेच असते. हे खरं नाही. या शहरात ती कारखान्यातल्या कामगाराकडे होती, शिक्षकाकडे होती, टपालखात्यातल्या माणसाकडे होती.

म्हणून आता आमच्या घरी फॉर्म आला की मी आधी फोन करून काही गोष्टी विचारते. तुम्हीही विचारा, त्यात भीड कसली?

फीमध्ये काय काय येतं: न्याहारी, पाणी, सावली, विमा, टोइंग? दुचाकीला फी कमी आहे का? एका घरच्या दोन गाड्या असतील तर सवलत आहे का? बरोबर येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला आणि मुलांना वेगळे पैसे पडतात का? बघणाऱ्यांना तिकीट आहे का, आणि असेल तर ते पैसे कुठे जातात? वादळाचा इशारा आला आणि कार्यक्रम रद्द झाला, तर फी परत मिळते की पुढच्या तारखेला धरतात? डिसेंबरातल्या चेन्नईत हा प्रश्न विसरून चालत नाही. सगळ्यात शेवटी: फी परवडत नसेल अशा मालकासाठी काही सोय आहे का?

बहुतेक आयोजक या प्रश्नांना नीट उत्तरं देतात. काहींनी तर सांगितलं, बरं झालं विचारलंत, आम्ही दुचाकीचा दर वेगळा करतो. जिथे हिशेब विचारल्यावर आवाज चढतो, तिथे हेराल्ड नेत नाही. नानांना वाईट वाटतं, पण त्या रविवारी आम्ही त्यांना ईस्ट कोस्ट रोडवर सकाळी एक चक्कर मारून आणतो. आमची नोंदणी अजून साधीच आहे, त्यामुळे ते करता येतं.

आणि गेल्या वर्षी आम्ही आणखी एक गोष्ट केली. आमच्या मेकॅनिककडे गाड्या देणारी पाच घरं आहेत, त्यातलं एक तमिळ अय्यरांचं, एक गुजराती, एक केरळी. आम्ही महिन्याला दोनशे रुपये एका डब्यात टाकायला लागलो. त्याचं नाव नानांनी भिशीच ठेवलं, आणि आता ते तमिळ बोलणाऱ्यांच्याही तोंडी बसलंय. या डब्यातून पाचही गाड्यांची फी भरायची, आणि जावाचीही. मेकॅनिक आधी तयारच होईनात. म्हणाले, "माझे पैसे घेतले तरच." तेव्हापासून त्यांचेही दोनशे दर महिन्याला येतात, बहुधा सगळ्यांच्या आधी.

जानेवारीत जावा मैदानात उभी राहिली. पावती त्यांच्या नावावर होती, ती त्यांनी घडी घालून खिशात ठेवली. त्यांची मुलगी गाडीशेजारी उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला दाखवत होती, की जावाला किक आणि गिअर यांचा दांडा एकच असतो: आत ढकलून वर फिरवला की किक, खाली आणला की गिअर. दुपारपर्यंत तिनं ते किती वेळा दाखवलं, कोण जाणे. नाना खुर्ची हेराल्डजवळून उचलून तिच्याजवळ घेऊन बसले होते.