मिस्टरांची सही

मुलगी सव्वा वर्षाची होती, अजून अंगावर पीत होती. त्यामुळे पाळीचा काही धरबंध नव्हता आणि महिना चुकलाय हे लक्षात यायलाच उशीर झाला. किटवर दोन रेघा दिसल्या तेव्हा मला आठवला तो पहिल्या बाळंतपणानंतरचा काळ. सिझेरियनचे टाके भरले, पण कितीतरी महिने मी सकाळी उठले की रडायचे. पतसंस्थेत पुन्हा कामावर जायला लागले तेव्हा कुठे माणसांत आले होते. ते सगळं इतक्या लवकर परत मला झेपणार नव्हतं. तरी ठरवता येईना, कारण पुढे काय काय करता येतं हेच धड माहीत नव्हतं.

नवरा म्हणाला, "तू म्हणशील तसं."

मला त्याचा राग आला. सगळा भार माझ्यावर टाकून तो बाजूला उभा राहिला, असं वाटलं.

जाऊबाई म्हणाल्या, मेडिकलमधून गोळ्या आणा आणि विषय संपवा. नवरा विचारून आला. दुकानदाराने त्या ठेवतच नाही म्हणून सांगितलं. आमच्या साताऱ्यातच नाही, महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी तपासणीच्या धास्तीने दुकानदार या गोळ्या ठेवायला तयार नसतात. मग जाऊबाईंनाच शंका आली, "गर्भपाताला आता बंदी आहे ना?" दवाखान्यांतून गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या पाट्या इतक्या वर्षांपासून आहेत की दोन्ही गोष्टी लोकांच्या डोक्यात एकच झाल्यात. लिंग तपासण्यावर बंदी घालणारा कायदा 1994 चा. गर्भपाताला परवानगी देणारा 1971 चा, तो आजही आहे.

पहिल्या दवाखान्यात काउंटरवरच सांगितलं गेलं, "मिस्टरांची सही लागेल. सासूबाईंनाही घेऊन या." मी तिथून बाहेर पडले. पुढच्या डॉक्टर मैत्रिणीच्या ओळखीतून मिळाल्या. त्यांच्या दवाखान्याला गर्भपात केंद्राची सरकारमान्यता होती. त्यांनी नवऱ्याला बाहेर बसायला सांगितलं आणि मला विचारलं, "तुम्हाला काय हवंय? मनात असेल ते बोला, क्रमाने बोलायची गरज नाही."

मी बोलले. मग त्यांनी आधी सोनोग्राफी केली, कारण पाळीच्या तारखेवर आमच्या बाबतीत भरवसा ठेवता येत नव्हता आणि गर्भ नळीत तर नाही ना, हे बघणं भागच होतं. तो नळीत असेल तर गोळ्यांनी पडत नाही, वर नळी फुटून जिवावर बेतू शकतं. दुकानातून परस्पर गोळ्या घेण्यातला मोठा धोका हाच. स्क्रीन बघायची आहे का, हे त्यांनी आधी विचारलं. मी नको म्हणाले. सातवा आठवडा सुरू होता.

त्यांनी सगळे मार्ग मांडले. ठेवायचं असेल तर टाक्यांची आणि माझ्या मनाची काळजी कशी घ्यायची, हेही. दत्तक देण्याबद्दल सांगितलं: बाल कल्याण समितीपुढे बाळ सोपवल्यावर फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. नको असेल तर नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्या, किंवा साधारण बारा आठवड्यांपर्यंत सिरिंजने पिशवी रिकामी करणं. याला आपल्याकडे सगळेच क्युरेटिन म्हणतात, पण यात खरवडत नाहीत, ओढून घेतात. दहा-पंधरा मिनिटांचं काम, त्याच दिवशी घरी.

मग कायदा. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं. गर्भनिरोधक फसलं हे कारण चालतं, आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर ते अविवाहित बाईलाही लागू आहे. वीस ते चोवीस आठवड्यांत ठरावीक परिस्थितीतच, तेही दोन डॉक्टरांच्या मताने. सही फक्त बाईची. ती अठरा वर्षांखालची किंवा मनोरुग्ण असेल तरच पालकाची. डॉक्टरांनी तिचं नाव बाहेर फोडलं तर त्यांना शिक्षा होऊ शकते. बाईचं म्हणणं पुरेसं न मानता डॉक्टरचं मत मागणं मला आजही खटकतं. पण त्या खोलीत, सही फक्त माझी, हे ऐकून मला मोकळा श्वास घेता आला.

घरी येताना मी हे नवऱ्याला सांगितलं. तो दुखावला. बराच वेळ गप्प बसला. रात्री मुलगी झोपल्यावर मी म्हटलं, "आता तुझी सही लागत नाही, तर तुझं मन सांग." तो म्हणाला, त्याला ठेवावंसं वाटतंय. हे तो पहिल्यांदाच बोलत होता. त्याच्या शब्दाने काही अडणार नव्हतं, म्हणून तो बोलू शकला आणि मीही भांडायच्या तयारीत न राहता ऐकू शकले. मग मी त्याला पहिल्या वेळचं सांगितलं. बाळाला पाळण्यात ठेवून मी मोरीत जाऊन बसायचे, नळ सोडून. एकाच घरात राहून त्याला हे माहीत नव्हतं. आम्ही दोघंही रडलो. माझा निर्णय तसाच राहिला. त्याला वाईट वाटलं, ते त्याने लपवलं नाही.

आईला मी फोनवर सांगितलं. मला वाटलं, ती पाप-पुण्याचं काढेल. ती तिच्या आत्याबद्दल बोलायला लागली. पाचव्या खेपेला गावातल्या कुणा बाईने आत तुळशीची काडी घातली. अंगात ताप भरून आत्या आठवड्यात गेली. घरात मात्र "पोटात दुखून गेली" एवढंच सांगायचे. "दवाखान्यात जातीयेस ना, मग झालं," आई म्हणाली. अशा मरणांमुळेच सरकारने 1964 मध्ये समिती नेमली. तिचे अध्यक्ष शांतिलाल शहा, महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री. कायदा अमलात आला 1 एप्रिल 1972 ला. आत्या त्याआधीच गेलेली.

मी गोळ्या निवडल्या. टेबलावर पाय वर करून झोपण्याची मला धास्ती होती. रक्तगट आणि हिमोग्लोबिन तपासलं. पहिली गोळी डॉक्टरांसमोर घेतली. ती गर्भ टिकवणाऱ्या हार्मोनला अडवते. दीड-दोन दिवसांनी दुसऱ्या चार. त्या दिवशी पाळीपेक्षा कितीतरी जास्त कळा आल्या, थंडी वाजली, गाठी पडल्या. तासाला दोन पॅड पूर्ण भिजले आणि असं सलग दोन तास झालं, तर रात्री-अपरात्रीही फोन करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तशी वेळ आली नाही. अंगावरचं पाजणं थांबवावं लागलं नाही. नवऱ्याने रजा काढली होती. मुलीला तोच बघत होता, मधून मधून शेकायची पिशवी गरम करून देत होता.

मला रडू आलं का? आलं. वाईट वाटणं आणि निर्णय चुकणं एकच आहे असं लोक धरून चालतात. मला वाईट वाटलं, आणि निर्णय बरोबर होता.

दोन आठवड्यांनी तपासणीत पिशवी साफ निघाली आणि मी कॉपर-टी बसवून घेतली. दहा वर्षं चालते, सरकारी दवाखान्यात फुकट बसवतात. डॉक्टरांनी नवऱ्याला पुरुष नसबंदीचं पत्रकही दिलं. ते त्याने वाचलंय. यावर आमचं बोलणं अजून चालू आहे.