माळव्याचा मावठा आणि शिकाऱ्याचा पोशाख

उज्जयिनी म्हटली की महाकाल, शिप्रा आणि सिंहस्थ एवढेच चित्र बाहेरगावच्या मराठी माणसापुढे उभे राहते. हवेविषयी विचारावे तर माळव्याच्या रात्री फार सुखद असतात, ही एक ऐकीव गोष्ट त्याला ठाऊक असते. ती खोटी नाही. पण ती कीर्ती उन्हाळ्यातल्या रात्रींची आहे. पौष-माघातला माळवा निराळा. भूमध्य समुद्राकडून निघालेले पश्चिमी विक्षोभ उत्तर हिंदुस्थानात येतात आणि त्यांचे एखादे टोक इथवर पोहोचले की आभाळ भरून येते व पाऊस लागतो. इकडे त्याला मावठा म्हणतात. गहू-हरभऱ्याला तो जीवन देतो; गारा घेऊन आला तर तेच पीक आडवे करतो. पाऊस सरताच उत्तरेचा वारा सुटतो. कालिदासाने मेघदूतात शिप्रेवरच्या ज्या पहाटवाऱ्याचे कौतुक केले, तोच वारा ओल्या अंगाला झोंबू लागला म्हणजे काव्य आठवत नाही, घोंगडी आठवते.

अशा दिवसांत पहाटे पाणथळ जागी जाऊन बसणारा माणूस पूर्वी एकच असे, तो म्हणजे शिकारी. थंडीच्या आरंभी मध्य आशियातून आणि हिमालयापलीकडून बदके व हंस खाली उतरतात, आणि त्यांच्या मागावर बंदुका निघत. भरतपूरच्या तळ्यावर 12 नोव्हेंबर 1938 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मंडळींनी एका दिवसात 4,273 पक्षी मारले; तो आकडा तेथे दगडावर कोरलेला आहे. आपल्या शिंदे सरकारच्या मुलखातही शिवपुरीचे अरण्य शिकारीसाठीच राखलेले होते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून ते दिवस मागे पडले. शिवपुरीचे माधव राष्ट्रीय उद्यान 2025 च्या मार्चमध्ये व्याघ्र प्रकल्प झाले. इंदूरकडची सिरपूर व यशवंतसागर ही तळी 2022 साली रामसर यादीत आली. आता उज्जैनच्या उंडासा तलावाच्या काठी पहाटे जे बसतात, त्यांच्या हाती दुर्बिणी असतात. शिकार गेली हे उत्तमच झाले. पण थंडी, पाणी आणि तासन् तास निश्चल बसणे, हे तिन्ही जसेच्या तसे राहिले आहे. म्हणून शिकाऱ्याची बंदूक टाकून द्यावी, त्याचे पोशाखातले शहाणपण मात्र ठेवून घ्यावे, असे आम्हांला वाटते.

हे शहाणपण एका वाक्यात सांगता येते: कपडा कोरडा असताना किती ऊब देतो हे पाहू नका, भिजल्यावर तो काय करतो ते पाहा. पाणी हवेच्या सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेते. सुती कपडा भिजला की त्याच्या धाग्यांमधली हवा जाते, पाणी भरते, आणि अंगावरचे वस्त्र अंगाचीच ऊब बाहेर काढू लागते. लोकरीचे तसे नाही. ती आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. तिचा कुरळा धागा आतली हवा सहजी सोडत नाही. गिरण्यांच्या ह्या माळव्यात सुताविरुद्ध बोलणे जिवावर येते. परंतु सूत हे उन्हाळ्याचे वस्त्र आहे, मावठ्याचे नव्हे.

जुन्या शिकारीत साहेबाच्या अंगावर लोकरी कोट असे, आणि पाण्यात उतरून पडलेली बदके आणणाऱ्या गड्याच्या अंगावर बहुधा सुती धोतर. थंडी दोघांना सारखीच होती. गरिबाकडे ह्यावर उपाय नव्हता असे मात्र नाही. आपल्या धनगराची घोंगडी घ्या. दख्खनी मेंढीची जाडीभरडी लोकर, तिच्यात उरलेला मेंढीचा मूळचा स्निग्धांश, आणि वर चिंचोक्याची खळ. तिची खोळ करून डोक्यावर घेतली की पावसाचा थेंब बराच वेळ आत येत नाही, आणि आला तरी ऊब जात नाही. विलायतेत चार्ल्स मॅकिंटॉश याने 1823 साली दोन कापडांमध्ये रबर घालून पाऊसकोट काढला. त्याने बाहेरचे पाणी थांबले, पण आतला घामही आतच राहू लागला. चालणारा माणूस त्यात घामानेच भिजतो. ह्यावर 1969 साली अमेरिकेत बॉब गोअर यांना सापडलेल्या, टेफ्लॉनच्याच जातीच्या सच्छिद्र पापुद्र्याने इलाज झाला: थेंब आत येत नाही, वाफ बाहेर जाते. एका जागी बसणाऱ्याला साधा रबरी रेनकोट पुरतो. मैल दोन मैल चालणाऱ्याने असा श्वास घेणारा कोट घ्यावा.

मागे एका पौषात आम्ही शाळेची मुले घेऊन तलावावर गेलो असता मावठ्याने गाठले. एका मुलाच्या अंगावर जाडजूड नवी जीन्स आणि कापूस भरलेले जाकीट होते. किमतीने सर्वांत भारी पोशाख तोच. अर्ध्या तासात त्याचे ओठ निळसर झाले आणि बोटांना बुटाची नाडी सुटेना. त्याच्याच शेजारी आजीने विणलेला, कोपरांना रफू केलेला लोकरी स्वेटर घातलेला मुलगा तितकाच भिजूनही बगळे मोजीत होता. पहिल्याचे ओले कपडे उतरवून कोरड्या लोईत गुंडाळले, गोड गरम चहा पाजला, तेव्हा तो सावरला. शरीराचे तापमान 35 अंशांच्या खाली जाण्यास बर्फच पडावा लागतो असे नाही. हवा 10 अंशांवर असली तरी ओले अंग आणि वारा एवढे पुरते. कुडकुडणारा माणूस एकाएकी कुडकुडायचा थांबला, बोलताना अडखळू लागला, तर ते बरे वाटल्याचे लक्षण समजू नये. त्याला तत्काळ दवाखान्यात न्यावे.

आता खरेदीविषयी. हिवाळ्यात गावोगावी तिबेटी विक्रेत्यांची दुकाने लागतात. तेथला पुष्कळसा माल लुधियान्याचा आणि ॲक्रिलिकचा असतो. तो वाईट नव्हे, लवकर वाळतो. पण लोकर म्हणून लोकरीच्या किमतीत घेऊ नये. शंका असल्यास शिवणीतला एक धागा काढून घराबाहेर, चिमट्यात धरून जाळावा. लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. सूत कागदासारखे जळते. कृत्रिम धागा वितळून त्याचा टणक मणी होतो. पावसाळी कोट घेताना शिवणी उलटून पाहाव्यात. आतून पट्टी चिकटवलेली नसेल, तर कापड कितीही उंची असो, पाणी सुईच्या भोकांतून येणारच.

सगळे एकदम घेण्याची ऐपत प्रत्येक घराची नसते. म्हणून क्रम सांगतो. पहिल्याने लोकरी मोज्यांचे दोन जोड, एक पायात व एक पिशवीत कोरडा. माळव्याची काळी माती ओली झाली की बुटाला शेर-शेर चिकटते आणि पाय आधी गारठतात. मग लोकरीची कानटोपी. त्यानंतर अंगाला लागून असणारा पातळ लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचा सदरा. सुती बनियन नव्हे. त्यावर स्वेटर, आणि सर्वांत शेवटी वारा-पाऊस अडवणारा कोट. एका जाड कपड्यापेक्षा तीन पातळ थर बरे. चालताना एक काढता येतो, बसताना पुन्हा चढवता येतो. रंग खाकी किंवा शेवाळी असावा. 1840 च्या दशकात पेशावरकडच्या सैन्याने खाकी स्वीकारली ती मातीत मिसळून जाण्यासाठीच. पक्ष्यांचे डोळे शत्रूहून तीक्ष्ण असतात. आणि सळसळणारे कापड टाळावे.

पौषात महाकालाच्या दर्शनाला आलात, तर एक दिवस अधिक ठेवा. शहराच्या उत्तरेला शिप्रेत कालियादेह महाल आहे. माळव्याच्या सुलतानांच्या काळची ती वास्तू. 1920 मध्ये माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला. तेथील कुंडे पाहा, आणि दुसऱ्या पहाटे उंडासावर जा. चक्रवाकांची जोडी धुक्यातून उतरताना पाहण्यासाठी दोन तास हलू नये लागते. मुलांना ते दाखवायचे असेल, तर घरातल्या ट्रंकेत पडलेला आजीच्या हातचा स्वेटर, वीण जुनी झाली म्हणून टाकून देऊ नका. तो त्यांना घाला आणि वर एक हलका पाऊसकोट द्या.