न्यू ऑर्लिन्सचा रविवार

न्यू ऑर्लिन्समध्ये नदी बघायची तर पायऱ्या चढाव्या लागतात. शहराचा बराच भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे आणि मिसिसिपी बांधाच्या पलीकडून, रस्त्यापेक्षा उंचावरून वाहते. नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी भाचीबरोबर मी त्या बांधावर उभी होते. ती तिथल्याच विद्यापीठात शिकते, आणि रविवारीच ये, असा आग्रह तिचाच होता. समोर गढूळ, रुंद पाणी मोठं वळण घेत चाललं होतं. मागे वळलं की खाली जॅक्सन स्क्वेअरची बाग आणि सेंट लुई कॅथीड्रलचे तीन कळस. इतकं पाणी उशाशी घेऊन माणसं तीनशे वर्षं इथं राहतायत, हे तिथं उभं राहिल्याशिवाय खरं वाटत नाही.

न्याहारी चौकासमोरच्या कॅफे द्यू माँदमध्ये. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या छताखालचं हे दुकान 1862 पासूनचं. इथं मिळतात ते बेन्ये, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे चौकोनी तुकडे तळून त्यावर पिठीसाखरेचा ढीग. एका बशीत तीन. "खाताना फुंकर मारू नकोस हं मावशी, सगळी साखर अंगावर येईल," भाचीनं बजावलं. सोबत निम्मं गरम दूध घातलेली चिकरीची कॉफी. कॉफीत चिकरी मिसळण्याची सवय मूळची फ्रेंचांची. अमेरिकेतल्या यादवी युद्धात बंदराची नाकेबंदी झाली, कॉफी मिळेनाशी झाली, तेव्हा चिकरीचा आधार वाढला. युद्ध संपलं, पण ती कडसर चव लोकांनी सोडली नाही.

फ्रेंच क्वार्टर आम्ही भरभर पाहिलं. शहर फ्रेंचांनी 1718 मध्ये वसवलं. पुढं ते स्पेनकडे गेलं, आणि 1788 व 1794 च्या आगींनंतर स्पॅनिश राजवटीत बरंचसं नव्यानं उभं राहिलं. म्हणून गल्ल्यांची नावं फ्रेंच, आणि विटांच्या भिंती, आतली अंगणं यांवर छाप स्पॅनिश. लोखंडी जाळीचे सज्जे आणि त्यांवरून लोंबणारे नेचे डोळ्यांना सुखावतात. पण माझं लक्ष पुढच्या मुक्कामाकडे होतं.

रँपार्ट स्ट्रीट ओलांडला की ट्रमे ही वस्ती लागते. तिथल्या लुई आर्मस्ट्राँग पार्कच्या एका कोपऱ्यात काँगो स्क्वेअर आहे. मोठाले ओक वृक्ष आणि त्यांच्या सावलीत गोलाकार मांडलेली फरसबंदी, बाकी काही नाही. फ्रेंच अमदानीतल्या 1724 च्या कायद्यानं गुलामांना रविवारी कामातून सुट्टी दिली होती. त्या सुट्टीत ते बाजार भरवत, ढोल वाजवत, आपापल्या मुलखाचे नाच नाचत. 1817 मध्ये नगरपालिकेनं त्यांच्या जमण्यासाठी एकच जागा नेमून द्यायचं ठरवलं, ती ही. अमेरिकेत इतरत्र मालकांनी ढोल दडपले, इथं मात्र ते दर रविवारी वाजत राहिले. पुढं याच शहरात जॅझ जन्मलं, त्याच्या तालाची एक मुळी या फरशीखाली आहे.

तिथून थोड्याच अंतरावर सेंट ऑगस्टीन चर्च आहे, 1842 मध्ये उघडलेलं. ते उभारण्यात स्वतंत्र कृष्णवर्णीयांचा पुढाकार होता. त्यांनी स्वतःसाठी बाकं विकत घेतलीच, शिवाय गुलामांसाठीही घेतली. चर्चच्या बाहेर अज्ञात गुलामाचं स्मारक आहे. जहाजाच्या जाडजूड साखळीचा केलेला प्रचंड क्रूस, तोही कलंडलेला, आणि त्याला लटकणाऱ्या बेड्या. साखळीवर गंज चढलेला आहे. नाव कुणाचंच नाही. मी बेडीच्या कडीला हात लावला. उन्हानं ती तापली होती. भाची काही बोलली नाही, मीही नाही.

मग दुपारी, त्याच वस्तीत, सेकंड लाइन आली. उन्हाळा सोडला तर वर्षातल्या बहुतेक रविवारी शहरातला कुठला ना कुठला क्लब अशी मिरवणूक काढतो. 'सोशल एड अँड प्लेझर क्लब' या नावातलं 'एड' महत्त्वाचं आहे. गुलामी संपल्यावर कृष्णवर्णीयांना विमा मिळत नसे, तेव्हा वर्गणी काढून आजारपण आणि अंत्यविधीचा खर्च भागवणाऱ्या मंडळ्या निघाल्या. त्याच परंपरेतले हे क्लब. पुढं क्लबचे सभासद आणि बँड, आणि त्यांच्या मागे लोटलेला जनसमुदाय ही सेकंड लाइन.

त्या दिवशीचे सभासद आपादमस्तक केशरी पोशाखात होते, बूटसुद्धा केशरी, हातात पिसांचे मोठे पंखे. साठीच्या पुढचे एक गृहस्थ गुडघ्यात वाकून, पाय इतके झरझर टाकत होते की खालचा रस्ता तापलाय असं वाटावं. बँडमधल्या ढोलवाल्याकडे मी बराच वेळ पाहत होते. गळ्यात आडवा मोठा ढोल, त्याच्या माथ्यावर एक झांज घट्ट बसवलेली. उजव्या हातात टिपरू, आणि डाव्या हातात चक्क स्क्रूड्रायव्हर. त्यानं तो झांजेवर ठोके देत होता. बारीक, धारदार आवाज उठायचा आणि सुझाफोनच्या घोगऱ्या सुरावर स्वार व्हायचा. शेजारून कुणी थंड पेयांची पेटी ओढत चाललं होतं, कुणी गाडीमागे शेगडी पेटवून सॉसेज भाजत होतं. व्हरांड्यातून आजीबाई रुमाल हलवत होत्या. एका बाईनं माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "बघत काय बसलीस, चाल!" मग आम्हीही चालत राहिलो, नाचत राहिलो.

भूक सडकून लागली होती. पो-बॉय घेतला. वरून कुरकुरीत, आतून हलका असा लांब पाव आणि त्यात मक्याच्या पिठात तळलेली कोळंबी. 1929 साली ट्रामच्या कामगारांनी संप केला, तेव्हा पूर्वी ट्रामवरच काम केलेल्या बेनी आणि क्लोव्हिस मार्टिन या भावांनी आपल्या उपाहारगृहातून संपकऱ्यांना हे सँडविच फुकट दिलं, तिथून त्याची ख्याती झाली. ते खाऊन सेंट चार्ल्स मार्गाच्या ट्राममध्ये बसलो. 1835 पासून हा मार्ग चालू आहे. लाकडी बाकं, उघड्या खिडक्या, दोन्हीकडे जुने वाडे, आणि ओकच्या फांद्यांवर मार्डी ग्रा या सणाच्या मिरवणुकीत भिरकावलेल्या मण्यांच्या माळा अजून अडकलेल्या.

संध्याकाळी गंबो. मैदा तेलात मंद आचेवर, ढवळणं क्षणभर न थांबवता, चॉकलेटी होईपर्यंत परतायचा. यावर सगळी मदार. मग कांदा, सेलरी, ढोबळी मिरची, पुढं कोळंबी, खेकडा, आणि भेंडी. आपण भेंडीची तार जावी म्हणून धडपडतो, इथं तीच रश्श्याला दाटपणा देते. भाताच्या मुदीवर तो काळपट रस्सा घेतला आणि पहिल्याच घासाला खमंगपणा आणि समुद्र एकत्र जिभेवर आले. पीठ परतायची रीत फ्रेंचांची, भेंडी आफ्रिकेतून आलेली, वरून भुरभुरायची ससाफ्रास झाडाच्या पानांची पूड इथल्या मूळच्या चॉक्टॉ लोकांची. पण पिढ्यान्‌पिढ्या चुलीसमोर उभं राहून हे सगळं एका पातेल्यात आणलं ते मुख्यतः कृष्णवर्णीय स्वयंपाकिणींनी.

रात्री बोर्बन स्ट्रीटवरचा गलका ओलांडून आम्ही प्रिझर्वेशन हॉल गाठला. 1961 मध्ये सुरू झालेली ही एक जुनी खोली. वर्णभेदाचे कायदे चालू असताना इथं गोरे आणि काळे शेजारी बसून ऐकत. इथं मद्य नाही, ध्वनिवर्धक नाही. काही बाकं, काही जमिनीवरच्या उशा, आणि चार हातांवर वादक, अगदी घरच्या बैठकीसारखे. ट्रंपेटवाल्यानं श्वास घेतला की तोही ऐकू येत होता. एकजण सूर सोडायचा, दुसरा तो अलगद उचलायचा, आणि कोणीच कुणाला झाकत नव्हतं.

शेवटी फ्रेंचमन स्ट्रीट. दार उघडं असलेल्या प्रत्येक ठिकाणी वेगळा बँड, आणि चौकात विशी-बाविशीतली मुलं पितळी वाद्यं घेऊन उभी. त्यांच्यापुढं प्लॅस्टिकची बादली होती. भाचीनं त्यात नोट टाकली आणि म्हणाली, "मावशी, फोटो काढायचा तर आधी बादलीत घाल."

तिचं म्हणणं मला पुरतं पटलं. ऑगस्ट 2005 मध्ये कॅटरिना वादळात बांध फुटले आणि जवळजवळ 80 टक्के शहर पाण्याखाली गेलं. हजारो घरं गेली, अनेक वादक देशोधडीला लागले. जे परतले त्यांनी क्लब पुन्हा उभे केले, रविवार पुन्हा चालू केले. आज ट्रमेसारख्या वस्त्यांत घरं पर्यटकांना दिवसाच्या भाड्यानं दिली जातात, आणि ज्यांच्यामुळं पर्यटक येतात त्यांनाच तिथलं भाडं परवडेनासं होतंय. या शहराचा आनंद कुणी सरकारी खात्यानं किंवा हॉटेलवाल्यांनी घडवलेला नाही. ज्यांना आठवड्यातून एकच दिवस मोकळा मिळे त्या लोकांनी तो घडवला, वर्गणीवर जगवला, आणि रस्त्यावर सगळ्यांसाठी खुला ठेवला. तेव्हा न्यू ऑर्लिन्सला जाल तर रविवार मोकळा ठेवा, मिरवणुकीत चाला, ट्रमेतल्या माणसांच्या हातचं खा, आणि बादली समोर आली की हात आखडता घेऊ नका.