बॅटरीच्या उजेडात

कडा गावच्या शिवारात विजेची पाळी रात्रीची आली की माणसं हातात बॅटरी घेऊन मोटार चालू करायला निघतात. उजेड पडतो चार-पाच हातांपुरता. तेवढ्यात दिसेल त्या दिशेने सरळ चालायचं, थांबायचं, पुन्हा बॅटरी रोखायची, दिशा सुधारायची. विहीर दिसत नसते. अवकल समीकरण सोडवायची ऑयलरची पद्धत शिकवायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांनी ती वाट स्वतः तुडवलेली असते.

अवकल समीकरण वाट आखून देत नाही. तुम्ही जिथे उभे आहात तिथे वाटेचा कल किती, एवढंच ते सांगतं. त्या कलाने एक पाऊल सरळ टाकायचं आणि नव्या जागी पुन्हा कल विचारायचा, ही रीत ऑयलरने १७६८ मध्ये ग्रंथात मांडली. बांध जिथे वळतो तिथे लांब पाऊल टाकणारा चिखलात जातो. आखूड पावलं टाकणारा वाटेला धरून राहतो, पण त्याची रात्र चालण्यात जाते.

वर्गात मी चहा घेतो. चहा ९० अंशांवर, खोली ३० अंशांवर. दोघांच्या तापमानातला फरक जितका, त्याच्या एक दशांश वेगाने चहा दर मिनिटाला निवतो, असं धरायचं. दहा मिनिटांनी किती? या समीकरणाचं नेमकं सूत्र आहे, त्यामुळे उत्तर ५२.०७ हे आधीच ठाऊक असतं. पाच मिनिटांच्या पावलाने ४५ येतात, एका मिनिटाच्या पावलाने ५०.९२. एका वर्षी एका मुलाने आकडेमोड वाचवायला एकदम पंचवीस मिनिटांचं पाऊल टाकलं. चहा उणे ६० अंशांवर गेला. पुढच्या पावलाला १६५ वर. तो घाईघाईने खोडायला लागला, मी खोडू दिलं नाही. इथे वीस मिनिटांच्या पुढे पाऊल गेलं की चूक आहे तेवढी राहत नाही, दर पावलाला फुगत जाते. हे पुस्तकात वाचून कळतं, पण पटत नाही. बर्फाहून गार चहा स्वतःच्या वहीत पाहिला की पटतं.

चहाला सूत्र आहे म्हणून चूक मोजता आली. खरी कामाची समीकरणं बहुतेक बिनसूत्राची असतात. उत्तर माहीत नसताना आपण किती चुकलो हे कळायचं कसं? वीस वर्षं शिकवूनही हा प्रश्न फळ्यावर लिहिताना मला भरून येतं, कारण त्याला उत्तर आहे. तोच हिशेब दोनदा करायचा. दोन मिनिटांच्या पावलाने चहा ४९.६६ येतो, एका मिनिटाच्या पावलाने ५०.९२. दोन उत्तरांत १.२६ चं अंतर. एका मिनिटाच्या उत्तरातली खरी चूक आहे १.१५. सूत्राकडे न पाहता, आपल्याच दोन चुकीच्या उत्तरांमधून, आपली चूक जवळजवळ हाती लागते. ते १.२६ चं अंतर ५०.९२ मध्ये मिळवलं की ५२.१८, खऱ्याच्या अगदी शेजारी. या युक्तीला लुईस फ्राय रिचर्डसनचं नाव आहे.

याच रिचर्डसनने हवामानाची समीकरणं हाताने, पावलाच्याच रीतीने सोडवून पाहिली. पहिल्या महायुद्धात तो फ्रान्समध्ये रुग्णवाहिकेवर काम करत होता, त्या धामधुमीत त्याने २० मे १९१० या होऊन गेलेल्या दिवसाच्या सहा तासांचा हिशेब मांडला. उत्तर आलं की हवेचा दाब १४५ मिलिबारने वाढेल. प्रत्यक्षात दाब जवळपास हललाच नव्हता. सुरुवातीला घेतलेल्या वाऱ्याच्या आणि दाबाच्या नोंदी एकमेकींशी जुळत नव्हत्या, त्यामुळे पाऊल लहान करूनही काही साधलं नसतं. निघतानाच दिशा चुकलेली. त्याने तो आकडा लपवला नाही. १९२२ च्या आपल्या ग्रंथात सगळ्या आकडेमोडीसकट छापला. चुकलेला चहा मी खोडू देत नाही, तो त्याच्यामुळे.

आमच्याकडे पाऊस कड्यात पडतो आणि आष्टी कोरडी राहते. असा फरक पकडायला नकाशावर ज्या चौकटी पाडून हवामानाचा हिशेब करतात, त्या लहान लागतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत घडलेली नवी अंदाजप्रणाली २०२५ मध्ये सुरू झाली, तेव्हा चौकटीची बाजू बारा किलोमीटरवरून सहावर आली. बाजू निम्मी झाली की चौकटी चौपट होतात, आणि साधारणपणे वेळेचं पाऊलही आखडावं लागतं, नाहीतर चहाचं झालं तेच ढगांचं होतं. म्हणजे कष्ट आठपटीच्या घरात. शिवाय तोच हिशेब किंचित वेगवेगळ्या सुरुवाती धरून अनेकदा करतात आणि उत्तरं एकमेकांपासून किती फाकली ते पाहतात.

पेरणीच्या दिवसांत मुलं मोबाइल पुढे धरून विचारतात, ‘सर, साठ टक्के पाऊस म्हणजे पडणार का नाही?’ घरी बियाण्याची पिशवी आणून ठेवलेली असते, त्यामुळे प्रश्न परीक्षेचा नसतो. मी खडू घेतो आणि फळ्यावर दोन रकाने आखतो, एक दोन मिनिटांचा, एक एका मिनिटाचा.