पानिपत: काला आंबच्या पुढे

मराठी माणूस पानिपतला जातो तो काला आंबसाठी. 14 जानेवारी 1761 ची आठवण, स्मारकापुढे नमस्कार, आणि लगेच दिल्लीला परत. तुम्ही गेलात तर अर्धा दिवस जास्त ठेवा आणि जुन्या कपड्यांचे कारखानेही बघा.

परदेशात टाकून दिलेले स्वेटर, कोट कांडला बंदरातून इथे येतात. बायका बटणं, चेन कापून काढतात आणि रंगानुसार ढीग लावतात. लाल ढिगाचा लाल धागा, वेगळा रंग द्यायलाच नको! पुरात, भूकंपात वाटली जाणारी स्वस्त ब्लँकेटं बरीचशी इथलीच.

पण चिंध्या पिंजणाऱ्या यंत्राजवळ हवेत नुसती लव तरंगते. तीच कामगारांच्या छातीत जाते. कापसाच्या धुळीने होणाऱ्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. सुरुवातीला सुट्टीनंतर कामावर आल्या दिवशीच छाती आवळते, म्हणून त्याचं दुसरं नाव 'सोमवारचा ताप'. वर्षानुवर्षं धूळ खाल्ली की धाप कायमची होते, मग औषधाने फुप्फुस पूर्ववत होत नाही. तोंडावर बांधलेली ओढणी बारीक धूळ अडवत नाही. धूळ यंत्रापाशीच ओढून घेणारी सोय लागते, आणि तिचा खर्च स्वस्त ब्लँकेटच्या किमतीत सहसा धरलेला नसतो.